दाब आहे, धार नाही

दादानं ती लाल गाडी आणली तेव्हा माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी दुकानाच्या पत्र्याखाली एका ट्रॅक्टरचा क्लच उघडून बसले होते. आमचं घर आणि बाबांचं दुकान एकाच पत्र्याखाली होतं, मेडशीच्या फाट्याच्या जरा अलीकडे, अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्याला लागून. दिवसभर एसटीचे हॉर्न, सोयाबीनच्या दिवसांत थ्रेशरची घरघर, आणि बाबा शेतकऱ्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करून चालवून बघत तेव्हाचा धडधडाट. त्या आवाजांत मी वाढले, त्यांतला कुठला आवाज कशाचा ते मला झोपेतही कळायचं. या गाडीचा आवाज त्यांतला नव्हता. आधी लांबून शिट्टी वाजवल्यासारखं काहीतरी आलं, मग ती शिट्टी फुटून घोगरी झाली, आणि फाट्यावरची कुत्री एका दमात भुंकायला लागली. माय सूप बाजूला ठेवून उठली.

"हे काय आणलं रे गजू?"

"गाडी हाय माय."

"गाडी दिसून राह्यली मले. थे ओरडून काहून राह्यली?"

दादा हसला. गजानन माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पुण्याला एका शौकीन मालकाकडे ड्रायव्हर होता. मालकाला मातीवर गाड्या पळवायचा नाद होता, आणि तो नाद हळूहळू दादालाही लागला. पुढे मालकाची कंबर गेली, शर्यती सुटल्या, आणि एका उलथलेल्या गाडीचा सांगाडा त्यानं दादाला देऊन टाकला. दिसायला ती गल्लीबोळात फिरते तशी छोटी गाडी होती, पण आत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलेलं, वर टर्बो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल मिळालं की छोटीशी गाडी पिसाळल्यासारखी पळते. अर्धवट जुळवलेली ती गाडी दादा आमच्याकडे पूर्ण करायला घेऊन आला होता, कारण घरी पत्रा होता, हत्यारं होती, आणि मी होते. मी वाशीमला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकलेली. वर्गात एकटीच मुलगी. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तेव्हा नव्या होत्या आणि मला त्यांचं वेड होतं.

बाबा दुकानातून हात पुसत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळहात टेकवून जरा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "चांगली हाय." मग जेवायला बसले. त्या दिवशी तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोले-वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर, आणि मायनं खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. दादा जेवताना हातवारे करून शर्यतीच्या गोष्टी सांगत होता, मी तोंड उघडं टाकून ऐकत होते, माय मधूनच "अगं बाई" म्हणत होती. बाबा खाली मान घालून जेवत होते. कोणी काही म्हटलं की "हो" म्हणायचे. सगळ्या गावात बाबांची ख्याती हीच होती. वामनराव म्हणजे गाय माणूस, कधी आवाज चढवला नाही, बायकोवर हात उगारला नाही, दारूच्या वाटेला गेला नाही. आजही गावी गेले की म्हातारी माणसं मला हेच ऐकवतात, आणि मी हसून मान हलवते, आणि आतल्या आत माझे दात एकमेकांवर घासतात.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी गाडी बांधली. मागच्या सीटखालच्या टाकीत मोठा पंप बसवला, इंजिनात पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर लावले, टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारी लोखंडी नळी गाडीच्या पोटाखालून नव्यानं टाकली. मातीच्या शर्यतीत दगड उडतात म्हणून नळीवर मी स्वतः पत्र्याचं कवच कापून बोल्टनं आवळलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी अमरावतीजवळ मोकळ्या रानात मातीची शर्यत व्हायची होती आणि दादानं त्यात नाव दिलं होतं. माय दुपारी चहा घेऊन यायची, गाडीला हात लावायची आणि ताप बघितल्यासारखी म्हणायची, "आज बरी हाय का?" गाडी बरी होती. उभ्या जागी घड्याळासारखी चालायची. गावातून फाट्यापर्यंत हळू नेली तरी तक्रार नाही.

मग आम्ही एका नातेवाइकाच्या लग्नाला दिवसभर वाशीमला जाऊन आलो, दादा, माय आणि मी. बाबा म्हणाले, एका गिऱ्हाइकाचं इंजिन घाईचं आहे, ते घरीच राहिले. त्यानंतरच्या आठवड्यात दादा म्हणाला, चल, आता रस्त्यावर दाबून पाहू. भर दुपार होती, वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावकडचा रस्ता जवळजवळ रिकामा होता. मी बाजूच्या सीटवर बसले. समोर एक ट्रक जात होता, कुटारानं भरलेला, वरून सोयाबीनचं भूस उडत होतं. दादानं लांबवर पाहिलं, समोरून येणारी एसटी अजून ठिपक्याएवढी होती. त्यानं गाडी उजवीकडे काढली आणि पाय दाबला. गाडी उसळली, माझी मान मागे गेली, आम्ही ट्रकच्या मागच्या चाकाशी आलो, मधल्या भागाशी आलो, आणि तिथं गाडी मेली. पूर्ण बंद पडली असती तरी बरं झालं असतं, निदान ब्रेक दाबून मागे झालो असतो. ती खोकत राहिली. धक्का द्यायची, सोडायची, पुन्हा धक्का द्यायची. दादा पाय दाबत होता आणि गाडी ट्रकच्या बरोबरीनं जात होती, पुढे नाही, मागे नाही. एसटीचा हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. मला एसटीच्या ड्रायव्हरचं तोंड दिसलं, उघडलेलं. दादानं उजवीकडे उतार पाहून गाडी रस्त्याखाली घातली. आम्ही एका बाभळीच्या अलीकडे हरभऱ्याच्या शेतात जाऊन थांबलो. एसटी निघून गेली. तो हॉर्न अजून वाजतच होता.

मी दार उघडून बाहेर आले आणि ओकले. दादा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "पंप तुवा बसवला होता ना?"

आजही मला त्या वाक्याचा राग येतो. मी हरभऱ्याच्या शेतात उभं राहून त्याला शिव्या दिल्या, ज्या शिव्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. तोही बोलला. मुलीच्या हातून कायले काम करून घेतलं म्हणाला. शेताचा मालक बांधावरून ओरडत आला तेव्हा आम्ही त्याच्या पिकावर उभे राहून एकमेकांवर ओरडत होतो, आणि त्याला आधी कोणाला हाकलावं तेच कळेना. घरी आल्यावर दादा मोटरसायकल काढून अकोल्याला गेला, पंप विकणाऱ्या दुकानदाराशी भांडून आला. दुकानदार म्हणाला, माझा पंप चांगला आहे, तुमच्याकडे कोण बसवतं ते बघा. पुन्हा बोट माझ्याकडे. बाबा हे सगळं ऐकत ओट्यावर बसले होते. हातातल्या पेल्यातला चहा गार झाला होता. "लागलं तं नाही ना कोणाले?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. गाडीत मीही होते हे त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ते दिसतंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोधायला बसले. रागानं बसले, आणि खरं सांगते, रागानं काम फार नीट होतं. आज माझ्या वर्कशॉपमध्ये पोरं स्कॅनर लावतात आणि पडद्यावर आकडे येतात. तेव्हा माझ्याकडे दाब मोजायचा, काटा असलेला एक गेज होता, बस. गेजची नळी इंजिनाजवळ पेट्रोलच्या लाइनला जोडली, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, आणि गेज बाहेरून समोरच्या काचेवर चिकटपट्टीनं चिकटवला, म्हणजे गाडी चालताना आतून काटा दिसेल. उभ्या गाडीत काटा तीनावर, जिथं असायला हवा तिथं. दादाला म्हटलं, चालव, आणि रस्ता मोकळा असेल तिथंच दाब. तो मुकाट्यानं चालवायला बसला. आमचं बोलणं बंद होतं, मी फक्त "दाब" आणि "सोड" म्हणत होते. पाय दाबला की टर्बोची शिट्टी सुरू व्हायची, काटा खरं तर वर चढायला हवा, तो आधी थरथरायचा आणि मग घसरत दोनाच्या खाली यायचा. तिथं गाडी खोकायची. म्हणजे हवा भरपूर जाते आहे आणि पेट्रोल पोचत नाही.

हे किती वाईट आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा राग कळणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की आतली आग भडकते. पिस्टन वितळतो, त्याला भोक पडतं. गाडी शर्यतीच्या वेगात असताना इंजिन असं गेलं तर चाकं तिथल्या तिथं जाम होऊ शकतात. आम्ही हरभऱ्यात उतरलो ते नशीब.

मी एकेक गोष्ट बाद करत गेले. पंपाला वीज पूर्ण पोचत होती. गाळणी नवी टाकली, फरक नाही. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रबरी नळी क्षणभर चिमटीत धरली, काटा टाणकन वर उडाला. म्हणजे पंपात जोर होता. इथं मी अडकले. जोर आहे, वीज आहे, गाळणी नवी आहे, मग पेट्रोल जातं कुठं? दादा ओट्यावर बसून म्हणाला, "पंपच खराब हाय, मान्य कर." आमच्या मागच्या शेतात हरभऱ्याला स्प्रिंकलर चालू होते. मधला एक पाइप बांधाखाली मुडपला की काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आले होते. सगळी तोंडं बंद असतील तोवर पाइप टणक, हातानं दाबून पाहिला तर वाटतं केवढं पाणी आहे. तोंड उघडलं की पाणी पायाशी गळतं. दाब असतो, धार नसते.

मी इंजिनाकडचं तोंड उघडलं, बाटलीत सोडलं, पंप चालू केला. बारीक धार आली, म्हातारा बैल मुततो तशी. मग टाकीकडचं तोंड उघडलं. तिथं अशी जाड धार आली की बाटली हातातून उडाली आणि माझ्या ओढणीचा पदर भिजला. म्हणजे टाकीतून निघतं पूर्ण, इंजिनाला पोचतं अर्धं. मधे फक्त माझी लोखंडी नळी होती, आणि तिच्यावर माझं पत्र्याचं कवच.

"दादा, जॅक लाव," मी म्हटलं. तो उठला.

गाडीखाली सरकल्या सरकल्या मला दिसलं. कवचाच्या बाकीच्या बोल्टांवर रस्त्याची माती बसली होती. ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन बोल्टांची माती उडालेली होती, कडा चकाकत होत्या. ते बोल्ट उघडले, पत्रा खाली आला. तळहाताएवढ्या जागेत नळी चपटी झाली होती. दगड लागून होते तशी नाही, दगडानं पोचा पडतो. ही दोन्ही बाजूंनी सारखी दाबलेली होती, हळूच, मोजून, इतकीच की थोडं पेट्रोल जाईल. आणि नळीवर पक्कडीच्या दातांची एकही खूण नव्हती.

मी तिथंच पडून राहिले. पाठीखाली मुरूम टोचत होता. दात उमटू नयेत म्हणून पक्कडीच्या जबड्यात फडकं घालून दाबायचं, हे मला कोणी शिकवलं? मी आठ-नऊ वर्षांची असताना पितळेच्या नळीवर दात उमटले म्हणून माझ्या हातातून पक्कड काढून घेऊन, न रागावता, फडकं गुंडाळून दाखवणारा माणूस एकच होता. आणि लग्नाच्या दिवशी घरी एकटा राहिलेला माणूसही एकच होता.

त्याच वेळी, गाडीखाली, मला आणखी एक गोष्ट आठवली, जी मला कधी गोष्ट म्हणून आठवलीच नव्हती. दहावीत मला चांगले गुण पडले होते आणि मला अकोल्याला डिप्लोमाला जायचं होतं, होस्टेलवर राहून. मी बाबांना विचारलं. ते "पाहू" म्हणाले, नाही म्हणाले नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी स्वतः अकोल्याला गेले, संध्याकाळच्या गाडीनं परत आले, म्हणाले, "जागा भरल्या पोरी." मी रडू नये म्हणून येताना जिलबी आणली होती. मी रडत रडत ती जिलबी खाल्ली. मग वाशीमच्या आयटीआयमध्ये गेले, रोज सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. ते बरं पडत होतं सगळ्यांना.

मी गाडीखालून बाहेर आले. दादानं माझं तोंड पाहून विचारलं, "काय सापडलं?" मी म्हटलं, "खाली जाऊन पाह्य." तो गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि तो पांढरा पडला होता. त्यालाही फडक्याची रीत माहीत होती. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलो होतो.

बाबा आत जेवायला बसले होते. माय तव्यावर भाकर शेकत होती. मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले, पेट्रोलचा वास अंगाला, आणि मायनं ओरडून मला मागं सर म्हटलं. मी सरले नाही.

"बाबा, नळी तुमी दाबली?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. कढीत बुडवला. खाल्ला. मला वाटलं, आता हेही तसंच जाईल. काही विचारलं की उत्तर न देता पुढचा घास, आणि आपण विसरायचं.

"बाबा, मी तुमाले विचारून राह्यली."

"थोडीशीच दाबली," बाबा म्हणाले. "बंद नाही केली. डिझेल कमी केलं का इंजिन दमते, हळू चालते. म्हटलं जोर कमी होईन तं हा आपसुक सोडून देईन."

"हे डिझेल नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर खाटेखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. "डिझेल कमी झालं तं इंजिन गार चालते. पेट्रोल कमी झालं तं जळते! तुमाले माहीत नाही तं विचारलं काहून नाही? मी हाय ना घरात! मले विचारलं असतं!"

"मले काय माहीत…"

दादा दारात उभा होता. त्याच्या हातात जॅकचा दांडा होता आणि तो हातात आहे हे त्याला माहीत नसावं. "ट्रकच्या बाजूले मेली गाडी," तो म्हणाला. "समोरून एसटी येऊन राह्यली होती. मेलो असतो मी. वंदी पण मेली असती, बाजूले बसली होती थे."

बाबांनी मान वर केली. पहिल्यांदाच. माझ्याकडे पाहिलं. "तू कायले बसली होती त्यात?"

मी ते वाक्य आयुष्यभर घोळवलं आहे. त्यांना भीती वाटली होती, हे मला आता कळतं. आता माझी मुलगी मोटरसायकलवर एकटी स्पितीला जाऊन आली आणि तिचा फोन लागत नव्हता तेव्हा मी रात्रभर फोन हातातून खाली ठेवला नव्हता. पण त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं की चूक माझीच, मी बसायला नको होतं. मी म्हटलं, "अकोल्याच्या कॉलेजात जागा होत्या ना?"

मायची भाकर तव्यावरच राहिली. भाकर जळायला लागली, धूर झाला, तरी कोणी हललं नाही.

"होत्या," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मायच बोलली. तिनं भाकर तव्यावरून काढून सरळ राखेत टाकली आणि बाबांकडे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, "अन् माह्या चक्कीचं?" पाच-सहा वर्षांपूर्वी मायला पिठाची गिरणी टाकायची होती, गावात तेव्हा एकच होती. बाबा म्हणाले होते, विजेची जोडणी मिळत नाही, साहेब नाही म्हणतो. माय दर दोन महिन्यांनी विचारायची, बाबा दर वेळी "पाहू" म्हणायचे, आणि मग तिनं विचारणं सोडलं.

"चक्कीसाठी गेले होते का तुमी? एक डाव तरी?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. "काय करू मंग? नाही म्हटलं असतं तं भांडले असते सगळे. मले भांडण नाही सोसत. मी कधी हात नाही उचलला तुमच्यावर, कधी वरच्या आवाजात नाही बोललो. गावात विचारा."

"कायले विचारू गावाले?" माय म्हणाली. "मी काय गावासंगं राहते?"

ती उठली, चुलीत पाणी ओतलं आणि बाहेर अंगणात जाऊन बसली. चूल फुसफुसत विझली. दादानं दांडा खाली ठेवला. बाबा तिथंच पाटावर बसून राहिले, हात खरकटे, कढी तशीच. मला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाही मला राग येत होता, कारण याच दयेवर तो माणूस सगळं निभावून नेत आला होता. आवाज न चढवणाऱ्या माणसावर आवाज चढवला की आपणच वाईट ठरतो. मी कितीतरी वर्षं स्वतःला वाईट मुलगी समजत आले, कारण घरात ओरडणारी मी एकटी होते.

"बाबा," दादा म्हणाला, त्याचा आवाज आता बसला होता, "तुमाले नाही पायजे मी गाडी पळवावी. बरोबर?"

बाबांनी मान हलवली.

"तोंडानं बोला."

"नाही पायजे," बाबा म्हणाले. "मले भेव वाटते. तू मरशीन."

"मी पळवणार," दादा म्हणाला. "आता नळी नवी टाकून पळवणार. तुमी रागावा, बोलू नका माह्याशी, घरातून काढा. पण गाडीले हात नका लावू."

बाबांनी पुन्हा मान खाली घातली नाही. दादा बाहेर गेला. मी नवी नळी आणायला गेले. माझं आणि दादाचं बोलणं त्या दिवशी सुरू झालं, माफी कोणी मागितली नाही, तो गाडीखाली माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "पंप चांगला बसवला तुवा." मी म्हटलं, "माहीत हाय मले." नळी टाकून पुन्हा रस्त्यावर गेलो. पाय दाबला, शिट्टी आली, काटा थरथरला आणि चढत गेला, चढतच गेला, आणि मी काचेकडे बघत हसत होते की दात आवळत होते ते मला सांगता येणार नाही.

अमरावतीच्या शर्यतीत दादा दुसऱ्या फेरीपर्यंत पोचला, मग गिअर अडकला आणि आम्ही बाहेर झालो. बक्षीस नाही. इंजिन मात्र शेवटपर्यंत जागच्या जागी होतं. तिथं काचेवर चिकटवलेला गेज पाहून एका वर्कशॉपचे मालक आले, हे कोणी केलं म्हणून विचारलं. दादानं माझ्याकडे बोट दाखवलं, आणि त्या वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे दाखवलेलं बोट मला आवडलं. मालकांनी चार प्रश्न विचारले, खरेखुरे, पेट्रोलच्या दाबाबद्दलच, आणि म्हणाले, माझ्याकडे अशी माणसं नाहीत, येशील का. माझी एक मावशी अमरावतीला राहायची. मी तिच्याकडेच थांबले. दादा गाडी ट्रकवर घालून एकटा गावी गेला.

तो पोचल्यावर मी दुकानातल्या फोनवर फोन केला. बाबांनी उचलला. मी म्हटलं, "बाबा, मी अठीच, अमरावतीले, राहून राह्यली. काम भेटलं. विचारायले नाही, सांगायले फोन केला."

पलीकडे कोणाचंतरी इंजिन धडधडत होतं. मला वाटलं, आता "पाहू" येईल, आणि मी ओठ आवळले.

"नाही," बाबा म्हणाले. आणि मग, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, ते ओरडायला लागले. एकटी पोरगी परगावी राहणार नाही म्हणाले, लोक काय म्हणतील म्हणाले, आजच्या आज गाडीत बस म्हणाले, तुझ्या मावशीलाही काही कळत नाही म्हणाले. त्यांना ओरडायची सवय नव्हती, आवाज मधेच फाटायचा, शब्द एकमेकांत अडकायचे, आणि तरी ते थांबत नव्हते. मी एकदाच म्हटलं, "नाही, बाबा. मी येत नाही." त्यावर ते आणखी मोठ्यानं ओरडले. मावशी स्वयंपाकघरातून हात करून सांगत होती, ठेव ना फोन, कायले ऐकून घेते. मी ठेवला नाही. रिसीव्हर कानाला घट्ट धरून, रागातच, त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मी तिथं उभी राहिले.